जुने भयपट बघणं आणि त्यांवर लिहिणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली पाच-सहा माणसं. दर अमावास्येला एकाच्या गच्चीवर, आणि पावसाळ्यात माडीवर, एक जुना भयपट लावतो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण वहीत आपापलं परीक्षण लिहितो. पैसे कुणी देत नाही, मागतही नाही. वहीच्या झेरॉक्स मात्र आमच्या नकळत पार इचलकरंजीपर्यंत पोचल्या, आणि तेव्हापासून तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन बोटं दुखायला लागली, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय.

1. जुना भयपट म्हणजे नेमका किती जुना?

आमच्यापुरती रेघ सोपी आहे. भूत कॉम्प्युटरवर केलेलं नसावं. रबर, मेण, धूर, दोरी, आरसा, असलं काहीतरी घेऊन कुणीतरी हातानं केलेलं असावं. वर्षांत सांगायचं तर साधारण 1995 च्या अलीकडचं आम्ही लावत नाही. राम गोपाल वर्मांचा ‘रात’ (1992) बसतो, त्यांचाच ‘भूत’ (2003) बसत नाही, आणि यावरून एकदा चहा गार होईस्तोवर भांडण झालंय. ‘तुंबाड’ (2018) लावा अशी मागणी दर महिन्याला येते. सिनेमा झकासच आहे, पण जुना नाही. वीस-पंचवीस वर्षांनी बघू.

2. मला भीती वाटतच नाही, हसूच येतं. मग बघायचं कशाला?

हसा की! आमच्या गच्चीवर पहिला अर्धा तास हसण्यातच जातो.

पण ‘भीती वाटली का?’ या प्रश्नावर अडकलात तर शंभरातले नव्वद जुने भयपट नापास होतील. आपण ते बघून बघून निर्ढावलोय. दार करकरलं की पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याऐवजी असं विचारून बघा: या माणसांच्या हातात काय होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी मला घाबरवायला काय केलं?

‘महल’ (1949) घ्या. ‘आएगा आनेवाला’ सुरू होतं तेव्हा आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येत जातो. त्या काळात आवाज असा नंतर बसवून कमी-जास्त करायची आजच्यासारखी सोय नव्हती. लताबाई मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून, गात गात त्याच्याकडे चालत आल्या, असा किस्सा सांगितला जातो. म्हणजे ती अंगावर येणारी भुताटकी प्रत्यक्षात चार पावलांचं अंतर आहे. हे कळल्यावर गाणं पुन्हा ऐका. आमच्यातल्या एकाच्या अंगावर काटा आला तो भुतामुळं नाही, त्या चार पावलांमुळं.

किंवा ‘कॅट पीपल’ (1942). एक बाई रात्री एकटी चाललीय, मागं काहीतरी आहे असं वाटतंय, शांतता ताणली जाते, आणि फिस्स करून समोर येते ती बस! श्वापद नाहीच. पैसे कमी होते, म्हणून इथं ब्रेकच्या आवाजावर काम भागवलं. आज कुठल्याही सिनेमात मांजर उगाच उडी मारून दचकवतं, त्याची आजी ही बस.

‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’मधलं (1968) रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. कृष्णधवलमध्ये ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं. असं काही सापडलं की हसणं थांबत नाही, फक्त त्याची जात बदलते.

3. कधीच बघितलेले नाहीत. कुठून सुरू करू?

मूकपटापासून नको, तोंड पोळून घ्याल. ‘वो कौन थी?’ (1964) लावा. पाऊस, गाडी, रस्त्यात उभी पांढऱ्या साडीतली साधना. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही आत. शिवाय मदनमोहनची गाणी आहेत, म्हणजे भुताशी वाकडं असणारी घरातली माणसंही बसतात. त्यानंतर ‘बीस साल बाद’ (1962). दिग्दर्शक बीरेन नाग मूळचे कलादिग्दर्शक, त्यामुळं त्यात हवेली नुसती उभी राहत नाही, ती वागते.

मग एकदम वळण घेऊन ‘पुराना मंदिर’ (1984), तो पचला की मराठीतला ‘हा खेळ सावल्यांचा’ (1976), आणि तिथून परदेशात जा. ‘सायको’ (1960) मुद्दाम उशिरा बघा. त्यातला न्हाणीघरातला प्रसंग इतक्यांनी इतक्यांदा उचललाय, की आधी चार नकला बघून झाल्या असतील तर मूळ वस्तू किती कसून बनवलीय ते जास्त कळतं.

4. हे रामसे बंधू कोण? आणि त्यांचे सगळे सिनेमे सारखेच का वाटतात?

कारण ते एकाच घरात बनायचे. एफ. यू. रामसे आणि त्यांची सात मुलं. मूळ आडनाव रामसिंघानी, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान. मुलांनी कामं वाटून घेतली होती: तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण आवाजाला, कुमार लिहायला. आपल्याकडं एखाद्या घराचा सराफी किंवा गुऱ्हाळाचा धंदा असतो तसा यांचा भुतांचा.

सुरुवात अपघातानंच झाली. 1970 साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला, पण पृथ्वीराज कपूर भीतीदायक वेषात चोरी करतात त्या प्रसंगाला मात्र लोक रंगलेले दिसले. घरच्यांनी हिशेब केला: लोकांना एवढंच हवंय तर तेवढंच देऊ. मग कुटुंब, नट, सामान असं सगळं घेऊन महाबळेश्वर गाठलं आणि तिथल्या सरकारी विश्रामगृहात ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (1972) उरकला. सेट लावायचा खर्च नाही, हॉटेलचा खर्च नाही.

सारखेपणा आहेच. शापित घराणं, शहरातून आलेली पोरं, कंदील घेतलेला म्हातारा नोकर, आणि शेवटी त्रिशूळ. पण चार-पाच बघितल्यावर फरक दिसायला लागतात. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी या राक्षसाचं मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं पुरलेलं असतं. सगळा सिनेमा ती दोन्ही जवळ कधी येतात या एका खुंटीला टांगलाय. मध्येच जगदीपचा ‘शोले’च्या नकलेचा तुकडा येतो, त्याचा कथेशी काडीचा संबंध नाही. ‘वीराना’त (1988) हाच मसाला आहे, पण प्रकाश आणि रंग हिरवट-जांभळे, एखाद्या यात्रेतल्या भुताच्या तंबूसारखे.

टीव्हीवर 1993 पासून लागलेला ‘झी हॉरर शो’ याच घराचा. तिशी-चाळिशीतले जे लोक आम्हाला ‘लहानपणी रात्री उशीखाली डोकं घालून बघायचो’ असं लिहितात, ते बहुतेक त्याबद्दलच बोलत असतात.

5. मराठीत जुने भयपट आहेतच कुठं?

थोडे आहेत, पण आहेत. ‘हा खेळ सावल्यांचा’ आधी बघा. वसंत जोगळेकरांचं दिग्दर्शन, आशा काळे, काशिनाथ घाणेकर, आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ‘गोमू संगतीनं’ लग्नात वाजतं म्हणून लोकांना तो कोळीगीतांचा सिनेमा वाटतो. त्याच सिनेमात ‘रात्रीस खेळ चाले’ आहे आणि नरसूचं भूत आहे. आमच्या एका काकूंनी तो थिएटरात बघितला होता. अजून त्यांच्यासमोर ‘नरसू’ म्हटलं की त्या ‘गप रं’ म्हणतात.

‘झपाटलेला’ (1993) विनोदी आहे हे मान्य, पण लक्ष्मीकांत बेर्डेंच्या मांडीवरचा बाहुला रात्री मान वळवतो तेव्हा हसू आलं होतं असं छातीवर हात ठेवून सांगा. त्यामागं रामदास पाध्यांची बाहुल्यांची विद्या आहे. ती रबरी मान वळवायला खरा माणूस लपून बसलाय, म्हणजे प्रश्न 1 च्या रेघेत तो चोख बसतो.

आणि हिंदीत असला तरी ‘गहराई’ (1980) आम्ही आपलाच धरतो. अरुणा-विकास ही दिग्दर्शक जोडी, लेखनात विजय तेंडुलकर, वडिलांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, आणि झपाटलेली मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. (आडनाव बघूनच आम्ही तो पहिल्यांदा लावला होता, खोटं कशाला बोला.)

खरी खंत वेगळी आहे. आपल्याकडं भुतांची काय कमी? मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, खवीस, ब्रह्मसमंध, वेताळ, आणि रात्री शिवारात माणसाला गोल गोल फिरवणारा चकवा. यातला प्रत्येकजण कुठं राहतो, काय खातो, कशाला भितो हे ठरलेलं. तरी सिनेमानं वर्षानुवर्षं पांढरी साडी आणि मेणबत्तीवर भागवलं. चकव्याला तर मेकअपसुद्धा लागत नाही. एक ऊसाचा फड, एक माणूस आणि तीच ती बांधावरची बाभळ पुन्हा पुन्हा.

6. कोल्हापूरचा आणि भयपटांचा काय संबंध? इथं तर पौराणिक आणि तमाशापट बनले.

हा प्रश्न विचारणाऱ्यानं ‘सैरंध्री’ (1920) विसरलेला असतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, पाठीशी तानीबाई कागलकरांचा पैसा, आणि कॅमेराही बाबूरावांनी इथंच खटपटून जुळवलेला. त्या सिनेमात भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं अस्सल उतरलं की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. भयपट हा शब्दही नव्हता तेव्हाची गोष्ट. पौराणिक म्हणून गेलेल्या माणसाला पडद्यावर फाडलेला कीचक दिसला, तर त्याला काय म्हणायचं? तो सिनेमा आज बघायला मिळत नाही, हे आमच्या वहीतलं सगळ्यात मोठं कोरं पान.

त्याच कंपनीत तयार झालेल्या मंडळींनी 1929 मध्ये इथं प्रभात काढली. 1933 मध्ये ती पुण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ आला. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा अख्ख्या पडद्यावर येतो. बळी, कट, अंधारा गाभारा आणि तो एक डोळा. पुढच्या कितीतरी मांत्रिकांनी डोळे वटारले, पण त्या डोळ्यापुढं सगळे बारके.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यासमोरून आपण रोज गाडी हाणतो. एकदा थांबून बघा.

7. मूकपट सहन होत नाही. माणसं तुरुतुरु पळतात, कंटाळा येतो. काय करू?

तुरुतुरु पळण्यात सिनेमाचा दोष नाही. मूकपट बहुधा हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला सोळा ते वीस चित्रं अशा बेतानं घेतलेले असत. ते पुढं चोवीसच्या वेगानं चालवले की माणसं चाळे केल्यासारखी दिसतात. नीट दुरुस्त केलेली प्रत मिळवा, चाल माणसाची होते.

दुसरं म्हणजे रंग. ‘नोस्फेराटू’ (1922) बघताना अनेकजण विचारतात, हा पिशाच भरदुपारी कसा हिंडतो? रात्रीची दृश्यं दिवसाउजेडी चित्रित करून फिल्मला निळा रंग द्यायचे. तो निळा उडालेली प्रत तुमच्या हाती आली की रात्रीची दुपार होते. आणि उन्हानं पिशाच मरतो ही कल्पना याच सिनेमानं रूढ केली, त्यामुळं इथं हा घोटाळा फारच महागात पडतो. निळ्या-पिवळ्या छटा असलेलीच प्रत बघा. तशी प्रत उरलीय हेही नवलच. गोष्ट न विचारता उचलली म्हणून ‘ड्रॅक्युला’ कादंबरीच्या लेखकाच्या विधवा पत्नीनं दावा लावला होता आणि कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या.

तिसरं, संगीत. मूकपट कधीच मुके नव्हते, थिएटरात वादक बसायचे. आम्ही एकदा मूळ आवाज बंद केला आणि आमच्यातल्या भजनी मंडळवाल्यानं पेटी घेतली. ‘नोस्फेराटू’तला पिशाच काउंट ऑर्लोक जिना चढत असताना त्यानं नकळत भैरवी धरली. सगळे घाबरायचं सोडून हात जोडून बसले.

8. कृष्णधवल सिनेमाची रंगीत केलेली आवृत्ती चालेल का?

नाही. सावली हाच तिथं रंग असतो. चॉकलेटचं रक्त तपकिरी दिसायला लागलं तर काय उरलं?

9. घरी बघताना मजा येत नाही. काही युक्ती?

ट्यूबलाइट बंद. मोबाइल पालथा नव्हे, दुसऱ्या खोलीत. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा एक पर्याय असतो, प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव, तो बंद करा, नाहीतर ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी दुपारच्या मालिकेतल्या सासऱ्यासारखा दिसतो. जुन्या सिनेमांचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणून अख्ख्या पडद्यावर बसवलं तर हाडकुळं भूत गुबगुबीत होतं.

आवाज थोडा कमी ठेवा. हे उलटं वाटेल, पण ‘ड्रॅक्युला’त (1931) पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. शांततेत कान टवकारून बसायला लागलं की काम फत्ते. याच कारणासाठी जुलैतला कोल्हापूरचा पाऊस लाखमोलाचा. पत्र्यावर धार लागली, वरून लाइट गेली, इन्व्हर्टरवर सिनेमा चालू, विषय हार्ड.

खायला कोरडं काहीतरी घ्या. अंधारात तांबडा-पांढरा खायचा प्रयोग आम्ही केलाय. गालिचा अजून साक्ष देतो.

10. हे सिनेमे मिळतात कुठं? बघणं चोरी तर होत नाही ना?

भारतीय कायद्यानुसार सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे ‘महल’चा 2009 अखेर संपला. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातलेही त्यातून बाहेर पडलेत. रामसेंचे सिनेमे अजून हक्काखाली आहेत, ते अधिकृत ठिकाणीच बघा. ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ची गंमत वेगळी. ऐनवेळी नाव बदललं, नव्या शीर्षकाच्या पाटीवर हक्काची सूचना टाकायची राहिली आणि तिकडच्या तेव्हाच्या नियमानं तो अमेरिकेत पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला.

अपवाद लक्षात ठेवा. सिनेमाचे हक्क संपले तरी गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. त्यामुळं अख्खं गाणं उचलून आपल्या व्हिडिओत टाकू नका. परीक्षणासाठी छोटा तुकडा किंवा चित्र वापरायला कायद्यात जागा आहे, पण ती टीकेसाठी आहे, फुकट दाखवायला नाही. आणि मंडळाच्या मांडवात लावणं हे घरी बघणं नव्हे, तिथं परवानगी लागते.

टीव्हीवर आलेल्या प्रतीवरून परीक्षण लिहू नका. कापाकापी इतकी असते की भूत कुठून आलं तेच कळत नाही, आणि शिव्या मात्र दिग्दर्शकाला बसतात.

11. परीक्षण लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मला फक्त ‘भारी’ किंवा ‘बकवास’ येतं.

तिथूनच सुरू करा, पण तिथं थांबू नका. ‘भारी’ का, हे सिनेमातल्या एका ठरावीक क्षणावर बोट ठेवून सांगा. आमच्या वहीचा एकच कडक नियम: प्रत्येक मतामागं एक प्रसंग.

बघताना आम्ही थोडंच टिपतो. भूत पहिल्यांदा कितव्या मिनिटाला दिसलं आणि त्याआधी कशाच्या जोरावर बसवून ठेवलं. कुठं दचकलो, आणि दचकवलं ते चित्रानं की आवाजानं. हे तपासायचं असेल तर तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. दहातले आठ प्रसंग तिथंच कोसळतात. उरलेले दोन कॅमेऱ्यानं कमावलेले असतात, त्यांच्यावर लिहा.

मग हातात काय होतं हा प्रश्न (प्रश्न 2). ‘मेकअप बाळबोध आहे’ हे वाक्य कुणीही लिहील. त्याऐवजी असं लिहा: ‘हात रबरी मोज्याचा आहे आणि मनगटाशी शिवण दिसते, म्हणून तो कायम दाराआडून, बोटांपुरताच येतो.’ दुसऱ्या वाक्यात तुम्ही सिनेमा बघितलाय हे कळतं, आणि वाचणाऱ्याला तो हात शोधायची हुरहूर लागते. ‘हॅलोवीन’मधला (1978) खुन्याचा मुखवटा म्हणजे एका टीव्ही मालिकेतल्या नायकाचा बाजारात मिळणारा मुखवटा, पांढरा रंगवलेला. हे वाचल्यावर तो मुखवटा कमी भीतीदायक होत नाही, उलट त्याचा भावहीन चेहरा आणखी टोचतो.

गोष्ट चार ओळींत आटपा. लोकांना कथा सांगायला शेजारी आहेत. दुसऱ्याचं परीक्षण आधी वाचू नका. आणि थट्टा करायची तर खुशाल करा, पण ज्याला पगार मिळाला नसेल त्या स्पॉटबॉयची नको. एवढ्या मोठ्या खलनायकाची करा की.

12. साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा शेवट सांगितला तर बिघडतं काय?

बिघडतं. सिनेमा साठ वर्षांचा असेल, वाचणारा काल जन्मलेला असू शकतो. ‘सायको’च्या वेळी हिचकॉकनं सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा दंडक घातला होता, तो उगाच नव्हे.

आम्ही असं करतो: शेवटाबद्दल बोलायचंच असेल तर वहीचं पान उलटून मागं लिहायचं. रामसेंना यातून सूट आहे, तिथं त्रिशूळ लागणार हे पोस्टरवरच असतं. ‘हा खेळ सावल्यांचा’, ‘वो कौन थी?’ आणि ‘गुमनाम’ (1965) यांना अजिबात सूट नाही. एकानं पानाच्या पुढच्या बाजूला नरसूचं गुपित लिहिलं होतं. त्याच्याकडून तीन महिने भेळ वसूल केली.

13. गुण कसे देता? तारे का नाहीत?

ताऱ्यांत मजा नाही. आम्ही राजाराम बंधाऱ्याची पातळी देतो. पंचगंगा तिथं 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तर 39 च्या आतला सिनेमा म्हणजे कोरड्या पायानं घरी जा. 39 ते 43 म्हणजे रात्री एकदा दिवा लावाल. 43 च्या वर म्हणजे आमच्यातलं कुणीतरी त्या रात्री घरी एकटं गेलं नाही. ‘रात’ 44 फूट. ‘पुराना मंदिर’ 31, पण करमणुकीला वेगळी मोजपट्टी असती तर तो महापूर होता.

पुराची थट्टा करता का, असं काहींनी रागानं विचारलंय. ही पद्धत सुचवणाऱ्याच्या घरात 2019 ला छातीएवढं पाणी होतं. तो म्हणाला, मोजायचं तर ज्यानं खरं घाबरवलं त्यानंच मोजू.

14. सिनेमा इंग्रजीवरून ढापलेला असेल तर त्याला मोठेपणा का द्यायचा?

ढापलं हे लिहा, पण तिथं पूर्णविराम देऊ नका. ‘बीस साल बाद’च्या मागं शेरलॉक होम्सची शिकारी कुत्र्याची गोष्ट आहे. बंगाली निर्माते-संगीतकार हेमंतकुमार यांनी त्यात ‘कहीं दीप जले कहीं दिल’ घातलं आणि कुत्र्याच्या जागी गाणं भटकायला लागलं. इंग्रजी धुक्यात हे सुचणं शक्य नव्हतं. ‘झपाटलेला’मागं ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) आहे, पण शब्दभ्रमकार आणि ‘ओम फट् स्वाहा’ इथले. काय उचललं यापेक्षा उचलल्यावर कुठं नेऊन ठेवलं ते बघा. जिथं काहीच हलवलं नाही, तिथं दोन ओळींत मोकळे व्हा.

15. या सिनेमांत बायकांचं चित्रण फार वाईट असतं, कुबडा किंवा एकाक्ष माणूस दिसला की तो दुष्टच. तरी मजा कशी घेता?

डोळे उघडे ठेवून. रामसेंच्या सिनेमात भूत बाजूला ठेवून कॅमेरा न्हाणीघरात घुटमळतो, ते तसंच लिहितो. शापित घराण्यात मरण येतं ते बाळंतिणीला, हे ‘पुराना मंदिर’ बघताना आमच्यातल्या एका बाईनं पहिल्यांदा बोलून दाखवलं. आम्ही बापे चार वेळा बघूनही तिथं अडखळलो नव्हतो. तिचं परीक्षण वहीतलं सगळ्यात चांगलं आहे.

माणसाच्या दिसण्यालाच भूत करणं हा आळस आहे, आणि आळसाला आम्ही सवलत देत नाही. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनिअर. त्यांची उंची वापरून घेतली इथवर कारागिरी. पण प्रत्येक लंगडा नोकर संशयित, तर ती लेखकाची लंगडी बाजू.

16. भुताखेतांचे सिनेमे बघून तुम्ही अंधश्रद्धा पसरवत नाही का? तेही अमावास्येला?

अमावास्या निवडली ती गच्चीवर चंद्राचा उजेड पडद्याला त्रास देतो म्हणून. भुताचा काही संबंध नाही.

बाकी प्रश्न योग्य आहे. साठीच्या दशकातले कितीतरी हिंदी ‘भूतपट’ शेवटी भुताच्या आड माणूस काढतात, नावं सांगणार नाही, प्रश्न 12 पाहा. ‘गहराई’त एकामागून एक मांत्रिक येतात आणि घराची अवस्था प्रत्येकागणिक वाईट होते. तो सिनेमा भुताला मानतो की नाही यावर वाद घाला, पण मांत्रिकांना त्यानं सोडलेलं नाही. पडद्यावरचं भूत दोन तासांनी जातं. भूत उतरवतो म्हणून एखाद्या बाईला मारहाण झाली तर ती पडद्यावर होत नसते, आणि 2013 पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे. आमच्या वहीत मंत्र-तंत्राचा प्रसंग आला की तो ‘करमणूक’ की ‘जाहिरात’ हे लिहावंच लागतं.

17. लहान मुलांना दाखवावेत का?

ए प्रमाणपत्राचे नाहीत म्हणजे नाहीत. बाकीच्यांत आधी स्वतः बघा. ‘झपाटलेला’ विनोदी म्हणून लावून दिला आणि मग घरातल्या सगळ्या बाहुल्या कपाटात कोंडाव्या लागल्या, अशी पत्रं आमच्याकडं ढिगानं आहेत. मूल घाबरलं तर रक्त कशाचं आणि बाहुल्याची मान कोण वळवतं ते सांगा. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना ते भुतापेक्षा भारी वाटतं.

18. अर्ध्यात सोडला तर परीक्षण लिहू शकतो का?

लिहा, पण कितव्या मिनिटाला उठलात ते वर लिहा. झोप लागली असेल तर तसं लिहा. आमच्या वहीत एक अख्खं परीक्षण ‘47 व्या मिनिटाला घोरायला लागलो, बाकीच्यांनी घोरणं भुताचं समजलं’ एवढंच आहे.

19. बघायला तुमच्याकडं येऊ का?

या. बसायला सतरंजी आहे, पांघरायला आपली चादर आणा, डिसेंबरात गच्चीवर थंडी चांगलीच मुरते. चप्पल जिन्याखाली काढा. बाराच्या पुढं बोळातली कुत्री एकदम भुंकायला लागतात. तो आवाज सिनेमातला नाही.